एचटी-२ विमानाचा इंजिनपालट

स्वदेशी विमानाचा इतिहास लिहिताना त्याचा आराखडा आणि त्याचे इंजिन यांचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली रचलेले एचटी-२ हे द्विआसनी शिक्षणोपयोगी विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्या आद्य नमुन्यात १४५ अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या नमुन्यात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर बसविण्यात आले व पुढील उत्पादनात तेच राहिले. दोन्ही इंजिने ब्रिटिश, चार सिलिंडरांची व हवेने थंड होणारी होती. तथापि असा पालट दिसतो तेवढा सोपा नसतो. नाकाकडील वजन बदलले की विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो. इंजिनाचा आधार, पंखा, इंधन व तेल यांच्या नळ्या यांची फेरजुळणी करावी लागते. मूळ गणित ज्यांच्या हाती असते, त्यांनाच हे निर्धास्तपणे करता येते. गॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली घाटगे यांनी केलेल्या अध्ययनाचे मोल येथे प्रत्ययास येते. कालांतराने काही विमानांना अमेरिकन लायकमिंग इंजिनेही जोडण्यात आली. इंजिन प्रत्येक वेळी परकीयच राहिले. ते पालटण्याचा अधिकार मात्र स्वकीयांच्या हाती होता. स्वावलंबनाची ही अर्धी वाट होय. ती कमी लेखू नये, आणि पुरी झाली असेही मानू नये.