नाल कोणाची?

दोडामार्गची बाजारपेठ मागे टाकून नाका ओलांडला की डिचोली तालुका लागतो. अलीकडे महाराष्ट्राचा कायदा, पलीकडे गोव्याचा. आणि जुगाराच्या बाबतीत या दोन कायद्यांनी सीमेवरच्या माणसाला चमत्कारिक जागी उभं केलं आहे. अलीकडे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अजून चालतो. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी वेगळा कायदा केला खरा, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्याच १९७६ साली गोव्यात जुगारबंदीचा कायदा झाला. मात्र १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतली जुगाराची यंत्रं आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरचे टेबलाचे खेळ त्यातून सुटले. पुढे फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आली. म्हणजे मांडवी नदीतल्या जहाजावर ब्लॅकजॅकच्या टेबलाशी डिचोलीच्या माणसाने बसायचं नाही, दोडामार्गच्या माणसाने बसलं तर चालतं. तेव्हा पत्ते न मोजता, म्हणजे उतरलेली पानं ध्यानात न ठेवता, या खेळातून कायमची कमाई होते का, हा प्रश्न इथे लास वेगासइतका दूरचा राहत नाही. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याचं कारण गणितात आहेच, पण त्याआधी ते सावंतवाडीच्या गंजिफेत आहे.

१९९९ मध्ये वेगळा तालुका होईपर्यंत दोडामार्ग सावंतवाडी तालुक्याचाच भाग होता, आणि सावंतवाडी म्हणजे लाखकामाच्या गोल गंजिफेचं गाव. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफेची पानं पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची; दक्षिणेत तिला दशावतार मिळाले आणि रंग दहा, पानं १२० झाली. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं. त्यातही निम्म्या रंगांत दश्शा मोठा आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात चिताऱ्यांची ही कला पुन्हा उभी केली, म्हणून आज ती पानं आपल्याला देखणी वस्तू म्हणून ठाऊक आहेत. पण खेळ म्हणून पाहिलं तर गंजिफा ही स्मरणाची कसोटी होती. कोणत्या रंगाचा राजा उतरला, कोणाचं पान आता हुकमी झालं, हे १२० पानांत ध्यानात ठेवायचं. ज्याला ते जमत नाही तो हरणार. पत्ते मोजणं ही तिथे चोरवाट नव्हती, तोच खेळ होता. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: समोर बसलेला प्रत्येकजण खेळाडूच होता. एकाचं गेलं ते दुसऱ्याला मिळालं. खेळाबाहेर बसून खाणारा तिसरा कोणी त्या डावात नव्हता.

हा तिसरा माणूस मराठीला अनोळखी नाही. जुगाराचा अड्डा चालवणारा जिंकणाऱ्याकडून जो वाटा काढून घेतो त्याला आपल्याकडे ‘नाल’ म्हणतात. १८८७ च्या कायद्याचाही डोळा खेळणाऱ्यापेक्षा या नाल घेणाऱ्यावर अधिक आहे: जागा किंवा साधनं पुरवून त्यातून स्वतःचा फायदा करून घेणं, ही जुगारघराच्या व्याख्येतली कळीची बाब आहे. उलट निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो कायदा सूट देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं, तेव्हा दिलेलं एक कारण असं की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. पण क्लब त्या खेळातून नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी, असंही त्याच निकालात बजावलं. म्हणजे कायद्याने नेमके दोनच प्रश्न विचारले. स्मरणाला किंमत आहे का, आणि नाल कोण घेतो? ब्लॅकजॅकला हेच दोन प्रश्न विचारून पाहावेत.

या खेळात नाल उघड दिसत नाही, कारण ती नियमातच मुरलेली असते. खेळाडूने आधी पान घ्यायचं आणि कॅसिनोने नंतर. खेळाडूच्या पानांची बेरीज एकवीसच्या वर गेली की त्याचे पैसे तत्काळ जातात. मग पाठोपाठ कॅसिनोही एकवीसच्या वर गेला तरी ते परत मिळत नाहीत. १९५६ साली बाल्डविन, कँटी, मेझल आणि मॅकडर्मॉट या चौघांनी कोणत्या हाताला पान घ्यावं आणि कोणत्या हाताला थांबावं याचं पूर्ण कोष्टक मांडलं. त्या शिस्तीने खेळलं, तर नियम बरे असलेल्या टेबलावर कॅसिनोची आघाडी साधारण अर्ध्या टक्क्यावर येते. हजार रुपयांच्या डावामागे पाच रुपये, म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. तासाला साठ डाव आणि रोज पाच तास धरले तर वर्षभरात एक लाख डाव होतात आणि ते पाच रुपये पाच लाखांवर जातात. शंभर डावांनंतर निम्म्याच्या आसपास खेळाडू फायद्यात असतात, लाख डावांनंतर दहातला जेमतेम एक, आणि दहा लाख डावांनंतर कोणी उरत नाही. कोष्टक पाठ केल्याने गळती बारीक होते, थांबत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हरल्यावर रक्कम दुप्पट करत गेलं तर एका विजयात सगळं भरून निघतं. पण हजारापासून सुरुवात करून सात डाव ओळीने गेले तर १,२७,००० रुपये गेलेले असतात आणि आठव्या डावाला १,२८,००० लावायचे असतात, तेही फक्त हजार रुपये मिळवण्यासाठी. टेबलाची कमाल मर्यादा बहुधा त्याआधीच आडवी येते. दुसरा आक्षेप फुकटच्या जेवणखाणाचा. तो अगदीच पोकळ नाही. थोडं खेळून पोटभर जेवणारा एखाद्या रात्री हिशेब जुळवू शकतो. मात्र ही खातिरदारी कॅसिनो अपेक्षित नुकसानाच्या हिशेबानेच करतो, आणि जास्त हवी तर जास्त खेळावं लागतं. तिसरा आक्षेप वजनदार आहे: मोजणी न करताही काहींनी कमावलं आहे. वाटणाऱ्याचं झाकलेलं पान चुकून दिसणं, पिसताना पानांचा एखादा गठ्ठा कुठे गेला हे नजरेने धरणं, असे मार्ग खरेच आहेत. पण ते मोजणीचेच चुलतभाऊ. पुढच्या पानाविषयी काही कळलं म्हणूनच तिथे फायदा होतो. पोकरमध्ये कमावणाऱ्याचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे, कारण तिथे गंजिफेसारखा समोर खेळाडू असतो आणि कॅसिनो उघडपणे नाल घेतो.

गणितज्ञ एडवर्ड थॉर्पने १९६२ च्या पुस्तकात मोजणीने आघाडी खेळाडूकडे वळवता येते हे दाखवलं. त्यावर लास वेगासच्या कॅसिनोंनी १९६४ मध्ये नियम आवळले. गिऱ्हाईक पांगायला लागल्यावर काही आठवड्यांतच ते सैल केले आणि पुढे एका कॅटऐवजी सहा-आठ कॅट वापरात आले. सतत पत्ते पिसणाऱ्या यंत्राने तर आठवणीत ठेवण्याजोगं काही शिल्लकच ठेवलं नाही. गंजिफेत १२० पानं असूनही स्मरणाला वाव होता, कारण उतरलेलं पान डाव संपेपर्यंत परत येत नसे. आपल्याकडे कॅसिनोत खेळणाऱ्यावर शिवाय कराचा भार आहे. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. कॅसिनोवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के झाला. कसलेल्या मोजणाऱ्याची आघाडी एखाद्या टक्क्याची. इथे त्याचाच निभाव लागणं कठीण, तर न मोजणाऱ्याची काय कथा.

उरतो तो २०२० चा निर्णय. कॅसिनोंचा महसूल गोव्याला हवा आहे, म्हणून जहाजं नदीत आहेत; पण तो आपल्या लोकांच्या खिशातून यायला नको, म्हणून दार त्यांच्यापुरतं बंद आहे. डोकं लढवून तिथे वर्षानुवर्षं कमाई होत असती, तर कोणत्याही सरकारने ती आपल्याच माणसांना नाकारली नसती. डिचोलीवाल्याला अडवणारा आणि दोडामार्गवाल्याला आत सोडणारा तो नियम म्हणजे शेजारच्या राज्याने स्वतःच मांडलेला या खेळाचा हिशेब आहे.