पात्यावरील गावाचे नाव

फिरंग हा शब्द आपणांस ऐतिहासिक कादंबऱ्यांतून परिचित आहे. लांब, सरळ पात्याची ही तलवार. तिची मूठ येथली. पाते मात्र पुष्कळदा फिरंग्यांच्या जहाजांतून आलेले, आणि नावही त्यावरूनच पडले. अशी पाती युरोपातील ज्या मोजक्या गावांत घडत, त्यांपैकी एक गाव म्हणजे जर्मनीतील झोलिंगेन. तेथे आजही पाती घडतात. तलवारींची जागा सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे यांनी घेतली, इतकेच. या गावाने आपली विद्या आणि आपले नाव कसे सांभाळले, आणि या दोहोंत सांभाळण्यास अवघड काय ठरले, हा आजचा विषय.

ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस बेर्ग नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जमीन फारशी पिकाऊ नाही, पण रानात कोळशापुरते लाकूड होते आणि वुप्पर नदीला वेग होता. नदीकाठी आणि ओढ्याकाठी झोपड्या उभ्या राहिल्या. पाणचक्कीवर वालुकाश्माचे मोठाले दगड फिरू लागले, आणि त्या दगडांवर पाती घासली जाऊ लागली. पोलादाला पाणी पाजणारे आणि घासणारे शिकलगार यांच्या संघाला इ. स. १४०१ मध्ये सनद मिळाली. मूठ बसवून तलवार सिद्ध करणाऱ्यांना १४१२ मध्ये, तलवारी घडविणाऱ्या लोहारांना १४७२ मध्ये, आणि सुऱ्या करणाऱ्यांना १५७१ मध्ये. ज्याचे काम त्याने करावे, दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, विद्या बापाने मुलाला द्यावी. आपल्या बलुतेदारीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. पण त्यात एक गोष्ट अधिक होती. शिकलगाराला आणि लोहाराला शपथ घ्यावी लागे की, मी हा मुलूख सोडून जाणार नाही आणि माझी कला बाहेर नेणार नाही. म्हणजे कारागीर सन्मानाने राही, पण राही तो बांधलेलाच!

आता गंमत पाहा. विद्येविषयी इतके दक्ष असलेले हे लोक दुसऱ्याच्या नावाविषयी तितके दक्ष नव्हते. पासाउ या गावच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. ती झोलिंगेनच्या पात्यांवरही उमटू लागली. स्पेनमधील तोलेदोच्या प्रसिद्ध कारागिरांची नावेही येथे बिनदिक्कत कोरली जात. पुढे झोलिंगेनच्याच नावाची नक्कल होऊ लागली तेव्हा गावाने जो आक्रोश केला, तो ऐकताना हे विसरून चालणार नाही.

शपथेचा बांधही टिकला नाही. युद्धे झाली, मागणी घटली आणि उपासमार होऊ लागली की शपथ काय करणार? १६८७ च्या सुमारास काही कुटुंबे इंग्लंडच्या उत्तरेस शॉटली ब्रिज येथे जाऊन राहिली. १७३० मध्ये फ्रान्सच्या राजाने आल्सेस प्रांतात शस्त्रांचा कारखाना काढला, तोही झोलिंगेनच्या माणसांना बोलावून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काहीजण थेट रशियातील उरल पर्वतात, झ्लातोउस्तला पोहोचले. आणि १८०९ मध्ये, नेपोलियनच्या अमलाखाली, हे संघच मोडीत निघाले.

संघ गेले, पण खुणा राहिल्या. पेटर हेंकेल्स नावाच्या कारागिराने १३ जून १७३१ रोजी सुरीवाल्यांच्या संघात जुळ्यांची खूण नोंदविली होती. ती खूण लावणारा त्स्विलिंग हा कारखाना आजही तेथे आहे. १८१४ चा व्युस्टहोफ आहे, १८७२ चा हेर्डर आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातले खरे झोलिंगेन कारखान्यात नव्हते, ते घराघरांत होते. पाते एका घरी घासले जाई, दुसऱ्या घरी त्याला मूठ बसे. आणि या घरांतून कारखान्यापर्यंत माल पोहोचविण्याचे काम बायका करीत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पात्यांनी भरलेली टोपली, आणि डोंगराची वाट. व्यापाराच्या इतिहासात यांची नावे सापडत नाहीत. घासणाऱ्यांचे हाल निराळे. दगडाची बारीक धूळ छातीत जाई आणि माणूस ऐन उमेदीत खोकून खोकून संपे. उत्तम धारेची किंमत मोजली जात होती, ती अशी.

नावाचे रक्षण अखेर सरकारने हाती घेतले. १९३८ मध्ये, नाझी राजवटीत, झोलिंगेन या नावासाठी स्वतंत्र कायदा झाला. एका गावाच्या नावासाठी कायदा व्हावा ही असाधारण गोष्ट. १९४४ च्या नोव्हेंबरात बाँबवर्षावाने जुने गाव बेचिराख झाले, पण नाव उरले. १९९४ मध्ये नवा नियम आला: पाते तयार करण्याची सर्व महत्त्वाची कामे त्या परिसरातच झाली असतील, तरच त्यावर हे नाव घालता येईल. २०१२ पासून तर गाव अधिकृतपणे स्वतःला ‘पात्यांचे शहर’ म्हणवते.

मात्र काम कोठे व्हावे हे कायदा सांगतो, कोणाच्या हातून व्हावे हे सांगत नाही. ते यंत्राने केले तरी नाव शाबूतच राहते. यंत्राची सुरी वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. आपल्या स्वयंपाकघरांना ती पुरेशी आहे. तथापि पाते कण्यापासून धारेपर्यंत एकसारखे पातळ होत जावे आणि त्यावर निळसर झाक यावी, असे हाताने घासण्याची जी जुनी रीत होती, ती जाणणारे म्हातारे एकेक करून जाऊ लागले. शपथेने बांधून ठेवावे असे आता कोणीच उरले नव्हते. उलट शिकावयास येईल असा माणूस शोधावा लागत होता. हेर्डरच्या कारखान्याने तो शोधला. जुन्या घासणाऱ्यांच्या शेजारी नव्या मुलांना बसवून त्याने ही विद्या आपल्याच छपराखाली शिकविण्यास आरंभ केला. तेथे गंजणाऱ्या साध्या पोलादाची सुरी अजून होते, आणि ती फिरत्या चाकावर घासताना पाते किती दाबावे हे अजूनही बोटांनाच ठरवावे लागते.