नाताळच्या गोठ्याची पूर्वपीठिका

महोत्सव जवळ आला कीं मंदिराची शोभा वाढविण्याचें काम तरुण मंडळींकडे येतें. आणि कमानी, पताका व दिव्यांच्या माळा यांचा खल चालू असतां नाताळच्या गोठ्याचा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. आमच्या सर्व सजावटींत लहानथोरांच्या जिव्हाळ्याची सजावट हीच होय. पण कोणाचा गोठा मोठा, कोणाचा अधिक झगझगीत, ही ईर्ष्याहि आतां गांवोगांवीं दिसते. म्हणून हा प्रघात मुळांत कसा पडला व कशाच्या बळावर टिकला, हें वाचकांपुढें मांडणें आम्हांस उचित वाटतें.

इटलींत रिएती शहराजवळ ग्रेच्चो नांवाचें डोंगराळ खेडें आहे. १२२३ सालच्या नाताळापूर्वीं सुमारें पंधरा दिवस असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांनीं तेथील जोव्हान्नी नामक आपल्या स्नेह्यास बोलाविलें. बेथलेहेमांत जन्मलेल्या बालकास काय काय उणें पडलें, तें गवतावर कसें निजलें, हें त्यांना प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावयाचें होतें. सामुग्री मागितली ती एवढीच: एक गव्हाणी, गवत, एक बैल व एक गाढव. त्या रात्रीं आसपासचे लोक मेणबत्त्या व मशाली घेऊन रानांतून आले. गव्हाणीवरच मिस्सायज्ञ अर्पण करण्यांत आला, आणि फ्रान्सिस ह्यांनीं शुभवर्तमान गाऊन प्रवचन केलें. थोमस चेलानो ह्यांनीं ही हकीकत पांच-सहा वर्षांनीं लिहून ठेविली. तींत मरियेची, योसेफाची किंवा बाळ येशूची मूर्ति कोठेंच नाहीं! गव्हाणी रिकामी होती. एका भाविकास मात्र तींत निजलेलें बालक दिसलें व फ्रान्सिस त्यास जागें करीत आहेत असें भासलें. बैल आणि गाढव हे शुभवर्तमानांत नाहींत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायांतून आले आहेत, हेंहि येथें सांगून ठेवितों.

देखाव्याचें वेड पवित्र मंदिरास बाधेल ही भीति त्या काळींहि होती. परमगुरु तिसरे इनोसंट ह्यांनीं १२०७ सालींच मंदिरांतील नाटकी खेळांस दोष दिला होता. नवें कांहीं काढलें असा आळ येऊं नये म्हणून फ्रान्सिस ह्यांनीं परमगुरूंची परवानगी अगोदर घेतली, असें संत बोनाव्हेंतूरा ह्यांनीं नमूद केलें आहे. पुढें फ्रान्सिस्कन संघांतून परमगुरुपदीं चढलेले पहिले पुरुष, चवथे निकोलस, ह्यांच्या कारकीर्दींत आर्नोल्फो दि काम्बियो ह्या शिल्पकारानें रोमच्या सांता मारिया माज्जोरे मंदिरासाठीं जन्मसोहळ्याच्या दगडी मूर्ति घडविल्या. तें साल सुमारें १२९१. म्हणजे सत्तर वर्षांच्या आंत जिवंत बैलाचा दगडी बैल झाला.

खरी बहार अठराव्या शतकांत नेपल्स शहरीं आली. तेथें कार्लो राजाच्या अमदानींत (१७३४-१७५९) सरदार व सावकार गोठ्यांवर पाण्यासारखा पैसा ओतूं लागले. मूर्तींचीं मस्तकें भाजलेल्या मातीचीं, हातपाय लांकडी, अंग तारेवर सणाचे धागे गुंडाळून केलेलें. त्यामुळें मूर्ति हवी तशी वांकवितां येई. अंगावर खरें रेशीम. जुझेप्पे सान्मार्तिनोसारखा नामांकित मूर्तिकारहि मेंढपाळ घडवी. मासळीवाली, फळवाला, खाणावळीचा मालक, भिकारी, सारें नेपल्स तेथें उतरलेलें असे, आणि पवित्र कुटुंब एखाद्या पडक्या रोमन देवळाच्या खांबांत. सान मार्तिनोच्या जुन्या मठांतील संग्रहालयांत १८७९ सालीं मांडलेला कुचिनिएल्लो ह्यांच्या संग्रहाचा गोठा ह्या पद्धतीचा नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. ह्या गर्दींत बाळ येशू शोधावा लागतो, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस त्यांत वैगुण्य दिसत नाहीं. धर्मशाळेंत जागा नव्हती ती रात्रहि गर्दीचीच होती.

मग बंदी आली. ऑस्ट्रियाचा बादशहा दुसरा जोसेफ ह्यानें १७८० नंतर मंदिरांतील गोठ्यांस मनाई केली. तिरोलच्या शेतकऱ्यांनीं ते घरीं मांडले. फ्रान्सांत राज्यक्रांतीच्या धामधुमींत मंदिरें बंद पडलीं, तेव्हां मार्सेय शहरीं जां-लुई लान्येल (१७६४-१८२२) साच्यांतून मातीचीं चिमुकलीं चित्रें काढून स्वस्तांत विकूं लागला. प्रोव्हान्सच्या भाषेंत त्यांस ‘सान्तों’ म्हणजे छोटे संत म्हणतात. मार्सेयची त्यांची जत्रा १८०३ पासूनची. गिरणीवाला, कोळीण, मेंढपाळ असे गांवचेच लोक कांहींना कांहीं भेट घेऊन निघालेले असतात. त्यांत ‘रावी’ नांवाचा एक भोळा आहे. त्याच्या हातीं कांहींच नाहीं. दोन्हीं हात वर करून तो नुसता आश्चर्य करीत असतो. नेपल्सच्या साऱ्या रेशमापेक्षां हा मातीचा भोळा आम्हांस अधिक आवडतो.

ज्या संघाच्या संस्थापकानें ग्रेच्चोची रात्र साजरी केली, त्या संघाचे संन्यासी सोळाव्या शतकांत वसईस आले. गोमंतकांत व कोंकणपट्टीवर गोठ्याचें हिरवें रान नाचणी रुजवून केलें जातें, छप्पर भाताच्या पेंढ्याचें. ही नाचणी आमच्या मातीची आहे, जशी मार्सेयची कोळीण मार्सेयची. उलट यंत्रानें हलणाऱ्या मूर्ति, कानठळ्या बसविणारें संगीत आणि बर्फाचा कापूस यांत आमचें काय आहे? थर्माकोलच्या सजावटीस तर महाराष्ट्रांत २०१८ सालीं कायद्यानेंच बंदी आली. त्याबद्दल आम्ही हळहळणार नाहीं.

यंदाच्या महोत्सवाचा गोठा उभारणाऱ्यांनीं त्यांत रहाट, केळीची बाग, टोपली घेतलेली भाजीवाली खुशाल मांडावी. दिवे थोडे असावेत, आणि गव्हाणीवरचा दिवा इतरांपेक्षां किंचित उजळ, म्हणजे नजर आपोआप तेथें जाईल. पाहणाऱ्यांची वाट मूर्तींच्या बाजूनें वळवावी, कीं मुलांस वांकून आंत डोकावतां येईल. मध्यरात्रीच्या मिस्सायज्ञापर्यंत गव्हाणी रिकामीच ठेवावी. पेंढा गांवच्याच शेतांतला घ्यावा व सण सरल्यावर गुरांपुढें टाकावा. ग्रेच्चोच्या लोकांनीं त्या रात्रींचें गवत जपून ठेविलें होतें, आणि तें खाऊन आजारी जनावरें बरीं झालीं, असें चेलानो लिहितात.