पारखीच्या अटी कोणाच्या हाती?

आधी माल पारखावा, मग पैसे मोजावेत, ही रीत ग्राहकाला आणि विक्रेत्याला सारखीच न्याय्य असते, असे आपण धरून चालतो. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडचा कापूस बाजार पाहिला की हा समज टिकत नाही. पारखीच्या अटी ज्याच्या हाती, फायदा त्याचाच. जुन्या कापूस व्यापारात खरेदीदार बैलबंडीतून मूठभर कापूस उपसायचा, सरकीवरून धागा ओढून त्याची लांबी बघायचा, ओल आणि कवडी तपासायचा. भाव ठरायचा तो या नमुन्यावर, आणि तोही अनेकदा रुमालाखाली बोटे दाबून, शेतकऱ्याच्या डोळ्याआड. पुढे जिनिंगच्या आवारात बंडी रिकामी होऊ लागली की तळचा माल नमुन्यासारखा नाही, असे सांगून भाव पाडला जाई. अर्धी उतरलेली बंडी पुन्हा भरून गावी नेणे कोणाला परवडणार? हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या हुकुमाने १८८६ साली कारंज्यात देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. बाजाराचे नियम यामुळे कागदावर आले, हा यातला खरा बदल.

शेअरवेअरचा, म्हणजे आधी वापरून मग पैसे द्यायच्या सॉफ्टवेअरचा, व्यवहार याच प्रश्नाभोवती फिरतो. अमेरिकेत १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ यांनी आपली सॉफ्टवेअर लोकांना बिनधास्त वाटू दिली. आवडले तर पैसे पाठवा, एवढीच विनंती. बॉब वॉलेस यांनी १९८३ मध्ये ‘पीसी-राइट’ची डिस्क १० डॉलरला दिली, नोंदणीचे ७५ डॉलर ठेवले, आणि ज्याने दिलेल्या प्रतीवरून पुढचा माणूस नोंदणी करील त्याला २५ डॉलर दलाली देऊ केली. इथे पारख पूर्णपणे वापरणाऱ्याच्या घरी होत होती आणि निर्माता त्याच्या सचोटीवर विसंबून होता. म्हणून पुढे ३० दिवसांची मुदत, कुलूपबंद सोयी, वारंवार झळकणारी आठवण अशा युक्त्या आल्या. आज मोफत चाचणीसाठी आधीच कार्डाचा क्रमांक मागितला जातो. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. तराजू विक्रेत्याकडे झुकला.

कोणी म्हणेल, सॉफ्टवेअरची प्रत काढायला खर्च येत नाही, मग कापसाशी तुलना कशाला? खर्च प्रतीला नसला तरी श्रमाला असतो, आणि चाचणीनंतर अट बदलली तर नुकसान दुबळ्या बाजूचेच होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वऱ्हाडातले ते नियम लँकेशायरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस मिळावा म्हणून आले, शेतकऱ्यासाठी नव्हे. हे खरेच आहे, आणि बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचा वरचष्माही होता. पण नियम लिहिलेला असला की त्यावर बोट ठेवून भांडता येते. रुमालाखालच्या सौद्याशी भांडता येत नाही. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला तेव्हा वऱ्हाडचा अनुभव समोर होताच.

मोफत चाचणीनंतर आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांनाही आता असा लिहिलेला नियम आहे: रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार कार्डावरून आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी. ती सूचना न वाचता पुसून टाकू नका.