पाटणचा मठ आणि धूळपाटीवरचे गणित

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे एक प्राचीन स्थळ आहे. पितळखोऱ्याची लेणी तेथून जवळच. एके काळचे हे नांदते नगर आता उजाड झाले असून लोक त्यास पाटणादेवी याच नावाने ओळखतात. तेथील भवानीच्या देवळातील एका शिलालेखाकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गोमंतकातील पेडणे महालातल्या मांद्रे गावी जन्मलेल्या या पंडिताने १८६५ साली तो लेख प्रसिद्ध केला, आणि पुढे १८९२ साली कीलहॉर्न यांनी त्याची चिकित्सापूर्वक आवृत्ती काढली. आपल्या देवळांतून दानलेख पुष्कळ आहेत. कोणी नंदादीपास तेल दिले, कोणी नैवेद्यास भात दिला, कोणी जमीन लावून दिली. पाटणचे दान मात्र थोडे निराळे आहे. ते गणिताच्या अभ्यासासाठी दिलेले आहे.

लेखावर शके ११२८ हा अंक असून प्रभव संवत्सरातील श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचा पर्वकाळ त्यात सांगितला आहे. इ. स. १२०७ मधील हा प्रसंग होय. देवगिरीच्या सिंघण यादवाचा मांडलिक, निकुंभ वंशातील सोइदेव, याने एका मठास दान दिले आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही त्यात भर घातली. मठ स्थापन करणारा चांगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. ज्ञानदेवांच्या कथेतील चांगदेव तो हा नव्हे. हा भास्कराचार्यांचा नातू. त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंतचे पूर्वज, मग भास्कर, त्याचा पुत्र लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा चांगदेव, अशी विद्वानांची सलग परंपरा लेखात दिलेली आहे. लक्ष्मीधराची विद्वत्ता ऐकून जैत्रपाल राजाने त्यास याच पाटणातून आपल्या दरबारी नेले, असेही लेख सांगतो. सिद्धांतशिरोमणी आणि भास्कराचार्यांचे व त्यांच्या कुळातील इतरांचे ग्रंथ या मठात शिकविले जावेत, हा चांगदेवाचा हेतू होता.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये पूर्ण केला होता. ग्रंथ सिद्ध होता, घराण्याची कीर्ती दूरवर पसरली होती, नातू स्वतः राजज्योतिषी होता. पोथ्यांच्या प्रती करवून ठिकठिकाणच्या पंडितांकडे धाडल्या असत्या तर काम भागले नसते काय? मठ, त्यातले विद्यार्थी, त्यांचा वर्षानुवर्षांचा योगक्षेम, एवढा व्याप कशासाठी?

याचे उत्तर लीलावतीच्या घडणीतच सापडते. लीलावती हा सिद्धांतशिरोमणीचा पहिला भाग, अंकगणित व क्षेत्रगणिताचा. त्यात आधी एक सूत्र येते, आणि लगेच त्याखाली उद्देशक, म्हणजे सोडवावयाचे उदाहरण. कधी ते बाळेस घातलेले असते, कधी मित्रास, कधी व्यापाऱ्यास. तुला गणित येत असेल तर सांग, असे जणू खांद्यावर हात ठेवून विचारलेले. उत्तराचा अंक बहुधा दिलेला असतो, पण त्याची वाट विद्यार्थ्याने स्वतः काढावयाची. ती काढण्याचे साधन म्हणजे धूळपाटी. फळ्यावर बारीक धूळ पसरावी, बोटाने किंवा काडीने आकडे मांडावेत, चुकले की पुसावेत. पाटीगणित हे या शास्त्राचे नावही त्या पाटीवरूनच आले आहे. अशा गणिताचा मागमूस उरत नाही. पोथीत सूत्र राहते, उत्तर राहते. मधली सारी खटपट वाऱ्यावर जाते. ती खटपट एका पिढीकडून दुसरीकडे पोचवावयाची तर गुरूने शिष्याजवळ बसावे लागते. चांगदेवाने हे ओळखले होते असे मला वाटते.

वेळूचे प्रसिद्ध उदाहरण घ्या. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीस टेकला. वेळू किती उंचीवर मोडला? सूत्र असे की, सोळाचा वर्ग बत्तिसाने भागावा. २५६ भागिले ३२, म्हणजे ८. हे आठ बत्तिसातून वजा करून निम्मे केले की १२ हात, ही उभ्या भागाची उंची. तेच मिळवून निम्मे केले की २० हात, हा कलंडलेला भाग. बाराचा वर्ग १४४, सोळाचा २५६, बेरीज ४००, आणि तीच विसाचा वर्ग. ताळा जमतो. पण विद्यार्थ्यास एवढ्यावर सोडून भागत नाही. लगेच मोर येतो. नऊ हात उंच खांबावर तो बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे, आणि साप बिळापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे येत आहे. मोर तिरका झेपावतो. दोघांची चाल सारखीच. गाठ बिळापासून बारा हातांवर पडते. मग तळ्यातील कमळ येते. ते पाण्यावर अर्धा हात आहे, वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडते, आणि पाणी पावणेचार हात खोल निघते. वेळू, मोर, कमळ ही चित्रे तीन. आत काटकोन त्रिकोण एकच. तो तिन्ही वेळा स्वतः ओळखता आला की सूत्र अंगी मुरले म्हणावयाचे. आमच्या लहानपणी भूमितीचे सिद्धांत क्रमांकासह पाठ म्हणणारी मुले हुशार गणली जात, आणि परीक्षेत आकृतीवरची अक्षरे बदलली की त्यांतील निम्मी गोंधळत. त्या निम्म्यांत मीही होतो, हे सांगण्यास आता लाज वाटत नाही.

देवळाच्या सावलीत वाढलेल्यांना विशेष वाटावे असे एक उदाहरण ग्रंथाच्या शेवटाकडे, अंकपाशाच्या प्रकरणात आहे. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधे आहेत. ती परस्परांत अदलाबदल करून किती मूर्ती होतील? तसेच हरीच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या किती? शिष्याने पाटीवर चार, तीन, दोन, एक यांचा गुणाकार करावा, २४ येतात. संध्या करताना केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावे आपण घेतो, त्या चोवीस मूर्ती शिल्पशास्त्रात या चार आयुधांच्या क्रमावरूनच ओळखल्या जातात. नित्याच्या आचमनात दडलेले हे गणित मुलाला एकदा स्वतः मांडून पाहू द्यावे. पहिल्या हातात चारांपैकी कोणतेही आयुध, दुसऱ्यात उरलेल्या तिघांपैकी, तिसऱ्यात दोघांपैकी, चौथ्यात राहिले ते. शंभूच्या बाबतीत हीच रीत दहापासून खाली आणली की ३६,२८,८०० मूर्ती होतात. एवढ्या मूर्ती घडविणारा शिल्पी जन्मावयाचा नाही. पण धूळपाटीवर दहा वर्षांचा मुलगा त्या मोजू शकतो.

आज शाळांतून ज्यास संख्याशास्त्र म्हणून शिकवितात, त्याचे बीजही या ग्रंथात आहे. खणलेल्या वेड्यावाकड्या तळ्याची लांबी तीन जागी मोजली तर १०, ११ व १२ हात, रुंदी ६, ५ व ७, खोली २, ४ व ३. आचार्य म्हणतात, प्रत्येकाची मापे मिळवून मोजलेल्या जागांच्या संख्येने भागा. ११, ६ आणि ३ ही सममिती. म्हणजे आपली सरासरी. त्यांचा गुणाकार १९८ घनहात. यावर इ. स. १५४५ मध्ये बुद्धिविलासिनी ही टीका लिहिणारे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ एक मार्मिक गोष्ट सांगतात: मोजण्याच्या जागा जितक्या अधिक, तितकी सरासरी खऱ्याच्या जवळ. हे वाक्य पोथी पाठ करून सुचणारे नव्हे. कोणी तरी काठी घेऊन काठाकाठाने फिरल्याशिवाय ते सुचत नाही. गोव्यातल्या देवळांपुढच्या तळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

सिद्धांतशिरोमणीच्या पुढच्या भागांत याहून अवघड मजल आहे. बीजगणितात आचार्य सहज विचारतात: कोणत्या संख्येचा वर्ग एकसष्टाने गुणून एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग येईल? प्रश्न एका श्लोकाचा; उत्तर २२,६१,५३,९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९. चक्रवाल पद्धतीने ते पाटीवर काढता येते. फ्रान्सातील फर्मा याने हाच एकसष्टाचा प्रश्न १६५७ साली आपल्या समकालीनांस आव्हान म्हणून घातला होता. आमच्याकडे तो विद्यार्थ्याचा अभ्यास होता. ज्योत्पत्तीत दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत आहे, आजच्या त्रिकोणमितीच्या पुस्तकात मुले घोकतात तीच.

इतके असूनही लीलावती म्हटले की आपल्या लोकांस आठवते ती मोत्याची गोष्ट. आचार्यांची कन्या, विवाहाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेली वेळ! ही कथा १५८७ साली अकबरासाठी फारसी भाषांतर करणाऱ्या फैजीच्या प्रस्तावनेतून आलेली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूसही नाही. कथा गोड आहे, हे कोण नाकारील? पण ती घरोघरी सांगितली जाते आणि मोराचे उदाहरण कोणी घालीत नाही, हे मला बरे वाटत नाही.

देवगिरीचे राज्य १३१७ च्या सुमारास लयास गेले आणि पाटणही हळूहळू ओस पडले. विद्या मात्र ज्योतिष्यांच्या घरांतून चालू राहिली. त्या घरांत नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे घर अग्रेसर. आणि येथेच इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. ज्या गणेशांनी पुढे बुद्धिविलासिनीत सूत्रांच्या उपपत्ती इतक्या आस्थेने दिल्या, त्यांनीच त्याआधी, १५२० मध्ये, ग्रहलाघव लिहिला होता. त्याचा विशेष असा की ग्रहांचे गणित ज्या व चाप यांवाचून, केवळ सोप्या गुणाकार-भागाकारांनी करता यावे. युक्ती अलौकिक बुद्धीची होती, यात संशय नाही. महाराष्ट्र, कोकण आणि कर्नाटकाचा बराच भाग यांत पंचांगे त्यावरून होऊ लागली. ग्वाल्हेर-इंदुराकडे जाऊन वसलेल्या दक्षिणी घरांतही तोच ग्रंथ गेला. पण सोय झाली तशी गरज संपली. ज्यांना ज्या काढाव्या लागत नाहीत ते ज्योत्पत्ती कशाला सोडवतील? तीन-साडेतीनशे वर्षांत त्रिकोणमितीचा सराव सामान्य पंचांगकर्त्यांतून उठत गेला. गणेशांस दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांनी जे सोपे केले ते त्यांना स्वतःला पुरते येत होते. पुढच्यांच्या हाती केवळ सोपेपण आले.

एकोणिसाव्या शतकात हे उणे भरून काढण्याची खटपट ज्यांनी केली, त्यांत मराठी माणसे पुढे होती. पुण्यात १८२१ साली जन्मलेल्या बापूदेव शास्त्र्यांनी नागपुरास लीलावती व बीजगणित यांचे अध्ययन केले. तेथे विल्किन्सन साहेबाची दृष्टी त्यांच्यावर पडली. त्याने त्यांना माळव्यात सिहोरच्या पाठशाळेत नेले, आणि तेथून ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गेले. दंडातले चंदन उगाळावे तशी जुनी रीत झिजवून तिच्यातून त्यांनी नव्या त्रिकोणमितीशी तिचा मेळ घातला आणि विद्यार्थ्यांसाठी गणिताची पुस्तके लिहिली. इकडे पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके काढून पंचांगशोधनास हात घातला. टिळकांचे गणिताचे गुरू ते हेच.

पाटणच्या शिलालेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नाही. वंशावळ, ग्रहण, राजांची स्तुती हे सारे संस्कृतात सांगून झाल्यावर लेख एकदम मराठीत उतरतो, कारण आता बाजारातल्या माणसांशी बोलावयाचे आहे. विकावयास आलेल्या मालावरील राजाचा हक्क मठास दिला आहे. चालत्या घाण्यांमागे पळी पळी तेल लावून दिले आहे. रात्री उशिरापर्यंत दिव्यापाशी बसणाऱ्यांस ते उपयोगी पडले असेल. आणि पुढे असेही ठरवून दिले आहे की, या नगरात जे मापावयाचे ते मठाच्याच मापाने मापावे. त्या मापणावळीचा अर्धा वाटा मापाऱ्याचा आणि अर्धा मठाचा.