पोपसत्ता आणि आधुनिक जग

पोपसत्ता आणि आधुनिक जग : रोमन कॅथलिक चर्चचा सर्वोच्च प्रमुख असलेल्या पोपचा धार्मिक अधिकार आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर (१७८९) यूरोपात रुजलेल्या लोकसत्ता, विचारस्वातंत्र्य, धर्मनिरपेक्ष राज्य व इतिहासचिकित्सा या कल्पना, यांच्यातील संघर्षाचा व समन्वयाचा हा इतिहास आहे. त्याच्या मुळाशी एक कठीण प्रश्न आहे. ज्या संस्थेचा अधिकार अपरिवर्तनीय सत्याच्या जतनावर आधारलेला आहे, तिने आपली पूर्वीची भूमिका बदलावी कशी आणि बदलल्यास तिचा अधिकार टिकावा कसा, हा तो प्रश्न होय. गेल्या दोन शतकांत प्रत्येक पोपला त्याचे काही ना काही उत्तर द्यावे लागले आहे.

पार्श्वभूमी : क्रांतीनंतर फ्रान्समध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. १७९० च्या कायद्याने धर्मगुरू हे राज्याचे पगारी सेवक ठरले व बिशपांची निवड मतदारांकडे सोपविण्यात आली. पोप सहावा पायस (कार. १७७५–९९) याने या व्यवस्थेचा निषेध केला. पुढे फ्रेंच सैन्याने त्याला कैद केले व कैदेतच व्हालांस येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्यानंतरचा पोप सातवा पायस यालाही नेपोलियनने १८०९ ते १८१४ पर्यंत बंदिवासात ठेवले. स्वातंत्र्य व समता या घोषणा रोमच्या कानी प्रथम पडल्या, त्या बंदुकांच्या आवाजासह. त्यामुळे पुढील पिढ्यांतील चर्चनेत्यांनी उदारमतवाद आणि धर्मविध्वंस यांत सहसा फरक केला नाही. पोप सोळावा ग्रेगरी (कार. १८३१–४६) याने १८३२ च्या परिपत्रकात सदसद्‌विवेकस्वातंत्र्य व मुद्रणस्वातंत्र्य या कल्पनांचा धिक्कार केला. कॅथलिक श्रद्धा व राजकीय स्वातंत्र्य यांची सांगड घालू पाहणारा फ्रेंच धर्मगुरू लामने हा त्यामुळे चर्चपासून दुरावला.

नववा पायस व पहिली व्हॅटिकन परिषद : नववा पायस (कार. १८४६–७८) हा प्रारंभी सुधारणावादी म्हणून ओळखला जाई. सत्तेवर येताच त्याने राजकीय कैद्यांना माफी दिली. तथापि १८४८ मध्ये त्याचा मंत्री पेल्लेग्रीनो रोस्सी याचा खून झाला आणि पोपला वेषांतर करून गाएता येथे पळून जावे लागले. फ्रेंच सैन्याच्या मदतीने तो १८५० मध्ये रोमला परतला, तो पूर्णतः बदललेला होता. इटलीच्या एकीकरणात १८६० पर्यंत पोपच्या राज्याचा बहुतेक भाग गेला. ८ डिसेंबर १८६४ रोजी त्याने ८० ‘प्रमादां’ची सूची प्रसिद्ध केली. कोणताही धर्म स्वीकारण्याचे व्यक्तीला स्वातंत्र्य असावे, चर्च व राज्य विभक्त असावीत, ही मते तीत प्रमादात्मक ठरविली होती. पोपने प्रगती, उदारमतवाद व आधुनिक संस्कृती यांच्याशी जुळवून घ्यावे, हा विचार सूचीतील शेवटचा प्रमाद होता.

पहिली व्हॅटिकन परिषद ८ डिसेंबर १८६९ रोजी भरली. १८ जुलै १८७० रोजी पोपच्या प्रमादातीतत्वाचा सिद्धांत ५३३ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. विरोध असलेले सु. ६० बिशप मतदानापूर्वीच रोम सोडून गेले होते. हा सिद्धांत पोपच्या प्रत्येक उक्तीला लागू नाही. श्रद्धा वा नीती यांविषयी संपूर्ण चर्चला बंधनकारक असा निर्णय पोप आपल्या पीठावरून अधिकृतपणे जाहीर करतो, तेव्हाच तो लागू होतो. १८७० नंतर त्याचा असा औपचारिक वापर एकदाच, १९५० मध्ये, मेरीच्या सदेह स्वर्गारोहणाविषयीच्या घोषणेच्या वेळी झाला. जर्मन इतिहासकार ड्योलिंगर याने इतिहासाच्या आधारे हा सिद्धांत नाकारला व १८७१ मध्ये तो बहिष्कृत झाला. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले. अशा रीतीने पोपचा धार्मिक अधिकार शिखरास पोहोचला आणि त्याच वर्षी त्याची ऐहिक सत्ता संपुष्टात आली.

तेरावा लिओ व नवमतवादाचा प्रश्न : तेरावा लिओ (कार. १८७८–१९०३) याने तत्त्वांत तडजोड न करता नव्या जगाशी व्यवहार करण्याचे धोरण स्वीकारले. त्याने व्हॅटिकनचे दफ्तर संशोधकांना खुले केले आणि फ्रेंच कॅथलिकांना प्रजासत्ताक मान्य करण्याचा सल्ला दिला. १५ मे १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात त्याने समाजवादाला विरोध केला. परंतु खाजगी मालमत्तेच्या हक्काबरोबरच कामगारांचा न्याय्य वेतनाचा व संघटनेचा हक्कही उचलून धरला. चर्चच्या आधुनिक सामाजिक शिकवणीचा तो पाया मानला जातो.

हिंदुस्थानातील एक जुना तंटाही याच पोपच्या काळात बराचसा मिटला. पूर्वेकडील बिशपांच्या नेमणुकांत पोर्तुगीज राजसत्तेला ‘पाद्रुआदो’ या नावाने विशेषाधिकार होता. १६२२ मध्ये स्थापन झालेली रोमची धर्मप्रसार संस्था व हा विशेषाधिकार यांच्या चढाओढीत मुंबईचे कॅथलिक दुहेरी अधिकारक्षेत्रांत विभागले गेले होते. १८८६ च्या करारान्वये या क्षेत्रांची नव्याने आखणी झाली व गोव्याच्या आर्चबिशपला ‘पूर्वेकडील प्रदेशांचा पॅट्रिआर्क’ हा किताब मिळाला.

बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेने मात्र पुन्हा संघर्ष पेटला. दहावा पायस (कार. १९०३–१४) याने १९०७ मध्ये ‘नवमतवाद’ निषिद्ध ठरविला. फ्रेंच बायबल-अभ्यासक अल्फ्रेड ल्वाझी १९०८ मध्ये बहिष्कृत झाला. १९१० पासून धर्मगुरूंना व धर्मशास्त्राच्या अध्यापकांना नवमतवादविरोधी शपथ घ्यावी लागे. ती १९६७ मध्ये रद्द झाली. या काळात संशय व गुप्त तक्रारी यांमुळे अनेक अभ्यासकांचे लेखन थांबले. बायबलच्या वाङ्‌मयप्रकारांचा व ऐतिहासिक पार्श्वभूमीचा अभ्यास करण्यास बाराव्या पायसने १९४३ मध्ये उत्तेजन दिले, तेव्हा ही कोंडी काहीशी फुटली.

हुकूमशाह्यांचा काळ : १९२९ च्या लॅटरन कराराने सु. ४४ हेक्टरांचे व्हॅटिकन नगरराज्य अस्तित्वात आले. अकराव्या पायसने १९३३ मध्ये नाझी जर्मनीशी करार केला. परंतु त्याचा सतत भंग होऊ लागल्यावर १९३७ मध्ये जर्मन भाषेत परिपत्रक काढून वंशपूजेचा निषेध केला. बारावा पायस (कार. १९३९–५८) याने ज्यूंच्या संहाराविरुद्ध नाव घेऊन जाहीर निषेध केला नाही, या गोष्टीवर इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत. उघड निषेधाने अधिक बळी पडले असते, असे त्याचे समर्थक म्हणतात. नैतिक अधिकाराचा दावा करणाऱ्याचे मौन क्षम्य नाही, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. त्याच्या कारकीर्दीची कागदपत्रे मार्च २०२० मध्ये संशोधकांना खुली झाली.

दुसरी व्हॅटिकन परिषद : तेविसावा जॉन (कार. १९५८–६३) याने बोलावलेली ही परिषद ११ ऑक्टोबर १९६२ ते ८ डिसेंबर १९६५ या काळात चार सत्रांत भरली. दोन हजारांहून अधिक बिशप तीत सहभागी झाले व १६ दस्तऐवज संमत झाले. उपासनेत लोकभाषांना स्थान मिळाल्यामुळे वसईत मराठीत व गोव्यात कोकणीत मिस्सा होऊ लागला. २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष ज्यूंवर सरसकट लादणे नाकारण्यात आले आणि हिंदू, बौद्ध व इस्लाम या धर्मांतील सत्य व पावित्र्य यांची आदराने दखल घेण्यात आली. तत्पूर्वी, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावा पॉल मुंबईच्या आंतरराष्ट्रीय यूखरिस्त परिषदेस आला होता. भारतात आलेला तो पहिला पोप होय.

सर्वांत तीव्र वाद धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर झाला. तो ७ डिसेंबर १९६५ रोजी २,३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला. त्याच्या मसुद्यात महत्त्वाचा वाटा असलेला अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरी याला दहा वर्षांपूर्वी याच विषयावर लिहिण्यास मनाई करण्यात आली होती. जे स्वातंत्र्य १८६४ मध्ये प्रमाद ठरले, ते आता मानवी प्रतिष्ठेतून उद्‌भवणारा हक्क म्हणून मान्य झाले. बीजातून वृक्ष वाढावा तसा सिद्धांतांचा विकास होतो, अशी उपपत्ती पाठीराख्यांनी मांडली. तिला जॉन हेन्री न्यूमनच्या १८४५ च्या ग्रंथाचा आधार होता. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र याच्या मते मात्र हा विकास नसून विच्छेद होता. १९८८ मध्ये रोमच्या परवानगीविना चार बिशपांना दीक्षा दिल्याबद्दल तो बहिष्कृत झाला.

संततिनियमनाचा वाद : परिषदेने जागविलेल्या अपेक्षांना १९६८ मध्ये धक्का बसला. संततिनियमनाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या आयोगाचे सदस्य, त्यांत विवाहित स्त्रीपुरुषही होते, बहुमताने बदलास अनुकूल झाले होते. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचाही आयोगाच्या अंतिम टप्प्यातील सदस्यांत समावेश होता. त्यांच्यापूर्वी मुंबईचे आर्चबिशप असलेले टॉमस रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्येच या निषेधाच्या तार्किक आधाराविषयी जाहीर शंका व्यक्त केली होती. अकराव्या पायसने १९३० मध्ये जे पाप म्हटले, ते आता निर्दोष ठरविल्यास चर्चच्या शिकवणीवर कोण विश्वास ठेवील, हा अल्पमताचा मुख्य मुद्दा होता. सहाव्या पॉलने २५ जुलै १९६८ च्या ‘ह्यूमानी व्हिती’ या परिपत्रकात कृत्रिम साधनांवरील निषेध कायम ठेवला. त्यानंतर अनेक देशांतील कॅथलिक दांपत्यांनी या बाबतीत स्वतःच निर्णय घेतला आणि तरीही चर्च सोडले नाही. अधिकार वाचविण्यासाठी घेतलेल्या निर्णयानेच आज्ञापालनाची सवय सैल केली, असे अनेक अभ्यासक मानतात.

अलीकडचा काळ : दुसरा जॉन पॉल (कार. १९७८–२००५) याने पोलंडमधील लोकचळवळीला नैतिक बळ दिले, १९९२ मध्ये गॅलिलिओप्रकरणी झालेली चूक मान्य केली व २००० मध्ये चर्चच्या अनुयायांनी इतिहासात केलेल्या अपराधांबद्दल ईश्वराची क्षमा मागितली. चर्चअंतर्गत मतभेदांबाबत मात्र तो कठोर होता. स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे त्याने १९९४ मध्ये निक्षून सांगितले.

२००२ मध्ये बॉस्टन येथील प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा या इतिहासाला वेगळे वळण लागले. धर्मगुरूंनी केलेले बालकांचे लैंगिक शोषण आणि बिशपांनी आरोपींची एका धर्मग्रामातून दुसऱ्यात बदली करून ते झाकणे, असे त्याचे दुहेरी स्वरूप होते. २००९ मध्ये आयर्लंडमधील व २०२१ मध्ये फ्रान्समधील चौकशी अहवालांनी त्याची व्याप्ती दाखविली. येथे विरोधक नास्तिक वा क्रांतिकारक नव्हते; श्रद्धावान कुटुंबांतील पीडितच न्याय मागत होते. संस्थेची अब्रू वाचविण्याची वृत्ती हीच तिच्या अब्रूला घातक ठरली. फ्रान्सिस (कार. २०१३–२५) याने २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरील गोपनीयतेचे बंधन उठविले. त्याने २०२३ च्या धर्मसभेत स्त्रियांना प्रथमच मताधिकार दिला. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या चौदाव्या लिओने हे नाव तेराव्या लिओच्या सामाजिक शिकवणीचे स्मरण ठेवून घेतल्याचे सांगितले व कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे मानवी श्रमाची प्रतिष्ठा राखण्याचा प्रश्न मांडला.

मूल्यमापन : राज्य गमावल्याने पोपसत्ता नष्ट होईल, ही १८७० मधील भीती खोटी ठरली, उलट सैन्य व प्रदेश यांच्या ओझ्यातून मुक्त झाल्यावर पोपच्या शब्दाला जगभर अधिक श्रोते मिळाले. हा शब्द आता केवळ आज्ञेच्या बळावर स्वीकारला जात नाही. तो पटवून द्यावा लागतो आणि बोलणाऱ्याच्या आचरणाशी ताडून पाहिला जातो. युद्ध, दारिद्र्य व स्थलांतरितांची दुःखे यांविषयी पोपने जेव्हा दुर्बलांची बाजू घेतली, तेव्हा कॅथलिकेतरांनीही त्याचा आदर केला. जेथे संस्थेला व्यक्तीहून मोठे मानले गेले, तेथे अनुयायीही दुरावले. मूळ प्रश्नाचे अंतिम उत्तर चर्चला मिळालेले नाही. धर्मस्वातंत्र्याच्या बाबतीत बदल स्वीकारूनही तिचा अधिकार टिकला आणि संततिनियमनाच्या बाबतीत बदल नाकारूनही तो क्षीण झाला, ही दोन उदाहरणे त्या उत्तराची दिशा सूचित करतात.