पाठभेद : घरीं पाहावे कीं परघरीं?

शिक्षक असतांना दोन मुलांचे निबंध संशयास्पद सारखे वाटले, कीं मी त्यांच्या वह्या शेजारीं शेजारीं ठेवून ओळींवरून बोट फिरवीत असें. दोन लेखांतील भेद शोधण्याचें हें काम जुनेंच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य १९१९ सालीं आरंभिलें व १९६६ सालीं पुरें केलें. त्यासाठीं शेंकडों हस्तलिखितें श्लोकाश्लोकानें पडताळावीं लागलीं. तें सर्व काम पुण्यासच झालें, असेंहि नाहीं. पडताळणीचीं केंद्रें शांतिनिकेतन व तंजावर येथेंहि होतीं. पोथी पडताळणाराकडे न्यावी, कीं पडताळणारानें पोथीकडे जावें? आज तोच प्रश्न संगणकाच्या फाइलींविषयीं उभा आहे.

संगणकासाठीं प्रोग्राम लिहिणारांना हें काम रोजचेंच. कालच्या व आजच्या प्रतींत काय बदललें, हें त्यांना कळलेंच पाहिजे. एका चिन्हाच्या चुकीनेंहि सारा प्रोग्राम अडतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डग्लस मॅकिलरॉय यांनीं ‘डिफ’ नांवाचें साधन रचलें. तें १९७४ सालीं युनिक्सच्या पांचव्या आवृत्तींत आलें. जेम्स हंट यांच्यासह त्यांनीं त्याची रीति १९७६ सालीं प्रसिद्ध केली. दोन्ही प्रतींत त्याच क्रमानें येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका प्रथम शोधावयाची. तींत न बसणाऱ्या ओळी, तोच भेद. पुढें १९८५ सालीं लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’नें भेदांच्या यादीवरून जुनी प्रत सुधारण्याची सोय केली, आणि १९८६ सालीं युजीन मायर्स यांनीं अधिक जलद रीति मांडली. हीं साधनें जेथें फाइल असे तेथेंच चालत. आजचीं विनमर्ज, मेल्ड, बियाँड कंपेअर हीं त्याच वंशांतलीं. तीं एकदां आपल्या संगणकावर बसविलीं, कीं मोठ्या फाइलीच काय, सबंध फोल्डरहि पडताळतात, आणि त्यांस इंटरनेट लागत नाहीं.

ऑनलाइन साधनांचा मोह निराळा. कांहींएक बसवावें लागत नाहीं. दोन चौकटींत दोन मजकूर चिकटवावे, कीं भेद रंगवून पुढें येतात. परक्या संगणकावर बसलें असतां ही सोय खरोखर मोलाची. परंतु माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें घाईंत कचेरीची एक फाइल अशीच चिकटविली. भेद क्षणांत सांपडला. मग ध्यानांत आलें, कीं फाइलींत पासवर्डहि होता! तो कोणी वाचला किंवा नाहीं, हें कळण्यास मार्ग नव्हता. ती रात्र त्यानें पासवर्ड बदलण्यांत घालविली, आणि सकाळीं वरिष्ठांस सर्व हकीकत स्वतःच सांगितली.

सर्वच ऑनलाइन साधनें मजकूर परक्या सर्व्हरवर पाठवितात, असें नव्हे. कांहीं ब्राउझरमध्येंच काम उरकतात. पान उघडल्यावर इंटरनेट तोडून पाहावें. तरीहि भेद दिसले, तर निदान पडताळणी आपल्याच यंत्रांत होते, असें समजावें.

निवडीचा माझा नियम साधा आहे. जो मजकूर चावडीवर लावण्यास हरकत नाहीं, तो खुशाल ऑनलाइन पडताळावा. जो दुसऱ्यानें विश्वासानें आपल्या स्वाधीन केला आहे, त्याची पडताळणी घरींच व्हावी. तेथें पोथी हलवूं नये. साधनच पोथीपाशीं आणावें.